साहेबांचे गुण आणि घरच्यांची पसंती : भाजीचे नवे वाण पारखताना

गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी धान विकतो तेव्हा घेणारा तो चाखून बघत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर ओलावा तपासतात, काडीकचरा बघतात आणि काटा करतात. 2023-24 च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे 2183 रुपये भाव होता आणि ‘अ’ दर्जाच्या धानाला 2203. हा वीस रुपयांचा फरकही दाण्याच्या लांबी-रुंदीवर ठरतो. भात मऊ होतो की फडफडीत, याच्याशी केंद्राचे देणेघेणे नसते. म्हणून धानाचे वाण निवडताना आपल्याकडे दोनच प्रश्न निघतात : एकरी किती होतो आणि किती दिवसांत निघतो.

हेच दोन प्रश्न घेऊन माणूस भाजीकडे वळला की पंचाईत होते. भाजीला आधारभूत केंद्र नाही. आठवडी बाजारात बाई भेंडीचे टोक मोडून बघते, वांग्याचे देठ बघते, टमाटर दाबून बघते आणि पुढच्या दुकानाकडे जाते. तिने काय बघितले ते ती सांगत नाही, आणि तिला कोणी विचारतही नाही. धानकापणी झाल्यावर बांधीत चार-पाच नवी वाणे लावून बघणारे शेतकरी गट, बचत गटाच्या महिला, छोट्या उत्पादक कंपन्या आता जिल्ह्यात बऱ्याच आहेत. त्यांना कृषी विभागाकडून किंवा हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडून बियाणे मिळते, शिवारफेरी होते, कोणीतरी गुण देते. तज्ज्ञांनी दिलेले गुण आणि खाणाऱ्यांची पसंती शेजारी-शेजारी ठेवून निर्णय कसा घ्यायचा, ते या लेखात सांगायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. या दोघांच्या गुणांची बेरीज करून सरासरी काढू नका. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. ज्याला जे कळते तेवढेच त्याला विचारा, आणि दोन उत्तरे जिथे जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधा. नव्या वाणाबद्दलची उपयोगाची माहिती बहुधा त्या न जुळणाऱ्या जागीच असते.

तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण

आपण सरसकट ‘तज्ज्ञ’ म्हणतो, पण त्यात तीन जातीचे जाणकार असतात.

पहिला जाणकार पैदासकार आणि कृषिशास्त्रज्ञ. त्याची नजर झाडावर असते. भाजीपाल्याचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प 1970-71 पासून चालू आहे आणि आज तो वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेतून चालतो. त्यात नवे वाण आधी प्राथमिक चाचणीत, मग प्रगत चाचणीच्या दोन टप्प्यांत, देशाच्या वेगवेगळ्या विभागांतल्या केंद्रांवर लावून बघतात. हेक्टरी उत्पादन, फुलोऱ्याचे दिवस, फळाचे वजन, रोगाचे प्रमाण, शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीने किती फळे खराब केली, हे सगळे मोजले जाते. एका वर्षाच्या पावसाने फसू नये म्हणून वर्षे घालवली जातात. आपल्या गटाला हे एका हंगामात, दोन गुंठ्यांत जमणार नाही. तेव्हा या बाबतीत त्याचे ऐकावे.

दुसरा जाणकार आपल्याकडे फारसा दिसत नाही, तो म्हणजे प्रशिक्षित चव-परीक्षक. त्याला मुद्दाम शिकवलेले असते की आवड-नावड घरी ठेवून ये. कडूपणा किती, बियांचा टचटचीतपणा किती, गर किती घट्ट, एवढेच तो सांगतो. ‘छान लागते’ हे शब्द त्याला वर्ज्य असतात.

तिसऱ्याला आपण तज्ज्ञ म्हणतच नाही : ठोक बाजारातला अडत्या, चिल्लर विकणारी बाई, पंगतीचा आचारी. नागपूरच्या कळमन्यात माल उतरेपर्यंत कोणते वांगे सुकते, कोणत्या टमाटराला तडे जातात, गंजभर भाजीत कोणत्या वांग्याचा लगदा होतो, हे त्यांना पाठ असते. पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणाऱ्या मरार समाजातल्या वडीलधाऱ्यांनाही मी याच रांगेत बसवीन.

आता प्रात्यक्षिकाच्या दिवशी काय होते ते आठवा. चार-पाच अधिकारी येतात, पत्रावळीवर भाजी वाढली जाते, ते चाखतात आणि दहापैकी गुण देतात. हे गुण ‘तज्ज्ञांचे’ म्हणून अहवालात जातात. खरे तर त्या क्षणी ते झाडाचे जाणकार नसतात आणि चवीचे प्रशिक्षित परीक्षकही नसतात. ते फक्त पाच जेवणारे असतात, त्यातही बरेचसे दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. अकोल्याच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला वांगे कसे आवडते, हा प्रश्न वाईट नाही, पण देवरीच्या बाजारात त्याचा उपयोग नाही.

खाणाराही एक नसतो. पैसे देणारा वेगळा, चिरणारी वेगळी, जेवणारा वेगळा. दोन किलो भेंडी चिरताना लव टोचून हात खाजतात की नाही, हे जेवणाऱ्याला कळत नाही. आश्रमशाळेच्या स्वयंपाक्याला पोतेभर वांगी चिरायची असतात, तेव्हा कापल्याबरोबर काळे पडणारे वांगे त्याला नको असते. आणि आपला जिल्हा भात खाणारा आहे. भातावर घ्यायची भाजी रश्शाची असते, त्यामुळे पोळीसोबत नावाजलेले वाण इथे फिके पडू शकते.

जवळच्या जिल्ह्यातली एक गोष्ट

भाजीची नाही, धानाची आहे, पण या विषयावर आपल्या भागात याहून मोठे उदाहरण नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल-3’ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या. बारीक दाण्याचा, शिजवून चांगला होणारा तो धान शेतकऱ्यांनी एकमेकांना दिला, व्यापाऱ्यांनी उचलला, आणि त्या काळात मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव त्याला चिकटले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे त्यावर काम करून 1998 मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केला. श्रेयाचा वाद बराच गाजला. दादाजी 2018 मध्ये गेले.

या गोष्टीतून लोक बहुधा ‘शेतकरी बरोबर, विद्यापीठ चूक’ असा अर्थ काढतात. मला तो उथळ वाटतो. धान ताटात आवडतो की नाही, याचा निकाल खाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या शिक्क्याच्या कितीतरी आधी दिला होता, इतकेच यातून नक्की कळते. बियाणे शुद्ध ठेवणे, गुणधर्म नोंदवणे, दूरच्या जिल्ह्यात ते टिकेल का ते बघणे, ही कामे खाणारे करू शकत नव्हते आणि करणारही नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण भेंडीचे आहे. ‘पुसा सावनी’ ही एके काळी देशभर गाजलेली भेंडी हळूहळू हळद्या रोगाला, म्हणजे पिवळ्या शिरांच्या विषाणूला, बळी पडू लागली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एका जंगली भेंडीशी तिचा संकर करून, पुन्हा पुन्हा सावनीकडे वळवून, ‘परभणी क्रांती’ तयार केली. ती 1985 च्या सुमारास प्रसारित झाली. बाजारातल्या बाईला विषाणू दिसत नाही, तिला फक्त पिवळट शेंग दिसते आणि ती घेत नाही. दुखणे तिने दाखवले, पण इलाज पैदासकारानेच करायचा होता.

काही बाबतींत तर खाणाऱ्याचे मत घेऊच नये. आपल्याकडे धानानंतर लाखोरी पेरतात, तिचा कोवळा पाला भाजीला खुडतात. लाखोरीतल्या ओडॅप या विषारी घटकामुळे 1961 पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली आणि पुढे ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखी ओडॅप कमी असलेली वाणे निघाली. ओडॅप जिभेला कळत नाही. ज्या वाणाबद्दल असा प्रश्न असेल तिथे आधी प्रयोगशाळेचा कागद मागा, चवीचे नंतर.

आणि तज्ज्ञांची नजर कुठे चुकते, तेही ऐका. सगळे फळ एकसारखे फिकट हिरवे असावे आणि एकदम लाल व्हावे, म्हणून जगभरच्या पैदासकारांनी कितीतरी दशके टमाटर निवडले. देठाजवळ गडद हिरवा खांदा असलेली फळे त्यांनी बाजूला टाकली. 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधन आले की त्या निवडीत फळाला हिरवेपणा देणारे एक जनुकच निकामी झाले होते, आणि त्याबरोबर फळात तयार होणारी थोडी साखरही गेली होती. तोडणी सोपी झाली, पेटी सुंदर दिसू लागली. जिभेला कोणी विचारले नव्हते. गावरान टमाटराच्या हिरव्या खांद्याला नाक मुरडण्याआधी हे आठवावे.

शेतात काय नोंदवायचे

वाणे तीन घ्या, फार तर चार, आणि त्यात एक आपले रोजचे वाण असलेच पाहिजे. त्याच्याशिवाय तुलना कशाशी करणार? सगळी रोपे एकाच दिवशी, एकाच बांधीत, सारख्या खतपाण्यावर लावा. धुऱ्याकाठची ओळ आणि मधली ओळ सारखी नसते, म्हणून प्रत्येक वाणाचे तुकडे करून दोन-तीन ठिकाणी लावा.

नोंदी थोड्या पण नेमाने ठेवा : पहिली तोडणी कधी, प्रत्येक तोडणीचे वजन, त्यातले विकण्याजोगे किती आणि किडके किती, मरून गेलेली झाडे किती. धानाच्या बांधीत पाणी मुरून राहते, त्यामुळे वांगी-टमाटरावर जिवाणूजन्य मर रोग येण्याची भीती जास्त. उभे झाड एकाएकी मान टाकते तो हा. म्हणून मेलेल्या झाडांचा आकडा सोडू नका. गटात सदस्य पुष्कळ असतील आणि प्रत्येकाची जमीन वेगळी असेल, तर प्रत्येकाला तीन वाणे देऊन ‘यात सर्वांत चांगले कोणते आणि सर्वांत वाईट कोणते’ एवढेच विचारण्याची एक पद्धत आहे. वाणांची नावे सांगायची नाहीत, पिशवीवर फक्त खूण. या पद्धतीने भारत, इथिओपिया आणि निकाराग्वा इथे मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, आणि लिहिता न येणारा शेतकरीही तिच्यात बरोबरीने भाग घेऊ शकतो.

चव बघायचा दिवस

इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिल्या तोडणीची फळे घेऊ नका, झाड अजून स्थिरावलेले नसते. तिसऱ्या-चौथ्या तोडणीची, सगळ्या वाणांची एकाच सकाळी काढलेली आणि सारख्या कोवळेपणाची फळे घ्या. एका वाणाचे जून वांगे आणि दुसऱ्याचे कोवळे वांगे ठेवले तर तुम्ही वाण पारखत नाही, तोडणारा पारखता.

शिजवणे दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत नुसते मीठ-पाणी, दुसऱ्या फेरीत घरी करता तशी तिखट, रश्शाची भाजी. फोडी, तेल, मीठ आणि पाणी मोजून, भांडी सारखी, आच सारखी. कच्चे वजन, शिजल्यावरचे वजन आणि शिजायला लागलेली मिनिटे लिहून ठेवा. एखाद्या वाणाची गोडी पहिल्या फेरीत कळते आणि तिखटात पूर्ण बुडते. अशा गोडीसाठी बाजार दोन रुपये जास्त देईल अशी आशा धरू नका.

वाट्यांवर वाणाचे नाव नको, कंपनीचे नको, आणि ‘1, 2, 3’ किंवा ‘क, ख, ग’ सुद्धा नको. पहिला नंबर बघितला की माणूस त्याला झुकते माप देतो. 417, 862, 539 असे अर्थहीन आकडे टाका. वाढण्याचा क्रम प्रत्येकासाठी बदला. तीन वाट्या सहा प्रकारे मांडता येतात, ते सहाही प्रकार फिरवत राहा. दोन वाट्यांच्या मध्ये घोटभर पाणी आणि मूठभर मुरमुरे द्या. वांगी-भेंडीच्या तीन-चार वाट्या चालतील. कारल्याच्या तीनपेक्षा जास्त नको, मिरचीच्या तर दोनच, तेही मध्ये दही देऊन, कारण तिखट जिभेवर रेंगाळते आणि पुढच्या वाटीचा दोष नसताना तिला शिव्या बसतात.

जेवण आटोपल्यावर लगेच कोणाला बसवू नका. आणि एक गोष्ट आपल्याकडचीच : तोंडात खर्रा असलेल्याला वाटी देऊ नका. चूळ भरून तासभर थांबायला सांगा. त्याला राग आला तर तो खुशाल नुसता हिशेबाला बसू दे.

साहेब, सरपंच, गटाच्या अध्यक्षा आणि बियाणे देणारा दुकानदार, हे सगळे चवीच्या वेळी दूर असावेत. समोर उभे राहून ‘कशी आहे भाजी?’ विचारले की उत्तर ‘छान आहे’ एवढेच येते, ते आपल्या लोकांच्या सौजन्यामुळे येते आणि त्याचा चाचणीला काही उपयोग नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या शिध्यासाठी तयार झालेली आवडीची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरतात. आपल्या गावात मात्र सगळे सात आणि आठच्या आसपास घुटमळतात. मला इथे गुणांपेक्षा क्रम बरा वाटतो. प्रत्येकाच्या हाती चिंचोके द्या, आडोशाला प्रत्येक वाणाचे एकेक मडके ठेवा : सगळ्यात आवडलेल्यात दोन चिंचोके, मधल्यात एक, नावडत्यात काही नाही. बायकांची मडकी वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि शाळेतल्या पोरांची वेगळी. प्रश्न मराठीतच विचारला पाहिजे असे नाही. ज्या घरात पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलतात, तिथे त्याच भाषेत विचारा.

किती लोक पुरतात? दहा-बारा लोकांवर निर्णय करू नका. दोनच वाणांत निवड असेल आणि तीस जण चाखत असतील, तर किमान 21 जणांनी एकाच बाजूला कौल दिला तरच तो खरा समजा. 18 विरुद्ध 12 हा निकाल नाणे उडवूनही येतो. पन्नास जण असतील तर 33 हवेत.

त्याआधी एक छोटी परीक्षा घेता येते. तीन वाट्या द्यायच्या, दोन वाट्यांत एकच वाण आणि तिसरीत दुसरे, आणि विचारायचे की वेगळी वाटी कोणती. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगेल. तीस जणांत वेगळी वाटी ओळखणारे 15 पेक्षा कमी निघाले, तर शिजल्यावर फरक जाणवतो असे म्हणता येत नाही. तसे झाले तर चवीचा वाद तिथेच मिटवा आणि उतारा, रोग, किंमत बघून ठरवा. पुष्कळ वेळा असेच होते.

बाजारातली परीक्षा

चिंचोके टाकणे फुकट असते, खिशातून पैसे काढणे फुकट नसते. म्हणून खरी परीक्षा आठवडी बाजारात घ्या. तिरोड्याला घ्या, आमगावला घ्या, नवेगावबांधला घ्या, पण जिथे तुमचा माल जाणार तिथेच घ्या. एकाच दुकानात दोन वाणांचे दोन ढीग लावा, भाव सारखा. अर्धा बाजार झाला की ढिगांच्या जागा अदलाबदल करा, कारण रस्त्याकडचा ढीग तसाही जास्त विकतो. विकणाऱ्या बाईला शिफारस करू देऊ नका. दर तासाला उरलेले वजन लिहा. कोणी उचलून परत ठेवले तर काय बघून ठेवले, हेही लिहा : देठ, रंग, काटे, बिया, आकार.

दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी बसा आणि ‘मागच्या वेळचीच द्या’ म्हणणारे मोजा. पहिल्या खरेदीत डोळे निर्णय घेतात, दुसऱ्या खरेदीत घरचे जेवण घेते. तज्ज्ञांच्या कोणत्याही तक्त्यात हा दुसरा आकडा नसतो, आणि मी त्याला सर्वांत जास्त वजन देईन.

दोन रकाने जुळले नाहीत तर

कागदावर डावीकडे शेतातले आकडे आणि तज्ज्ञांचे मत, उजवीकडे चिंचोके आणि बाजाराची नोंद. समजा चाळीस जणांना नऊपैकी गुण द्यायला सांगितले आणि दोन वाणांची सरासरी सारखीच, सहा आली. एकाला सगळ्यांनीच सहा दिले. दुसऱ्याला वीस जणांनी आठ दिले, वीस जणांनी चार. सरासरी बघणारा म्हणेल दोन्ही सारखी. पण दुसऱ्या वाणाला वीस पक्की गिऱ्हाइके आहेत, पहिल्याला एकही नाही. ते वीस जण कोण आहेत ते बघा. कदाचित सगळे शहरातले असतील, कदाचित सगळी भरली वांगी करणारी घरे असतील. माल कुठे न्यायचा ते तिथूनच कळते.

तज्ज्ञांनी उचलून धरले आणि लोकांनी नाकारले, असे होईल तेव्हा लोकांनी नक्की काय नाकारले ते शोधा. रांचीच्या केंद्राचे ‘स्वर्ण श्यामली’ हे वांगे मर रोगाला चांगले तोंड देते, पण ते हिरव्यावर पांढऱ्या पट्ट्यांचे, मोठे आणि अंड्याच्या आकाराचे आहे. जिथे जांभळ्याच वांग्याची सवय आहे तिथे ते ढिगातच राहील, चव कितीही चांगली असली तरी. अडचण फक्त रंगाची असेल तर तोच रोग सोसणारे जांभळे वाण मागा. बंगळुरूच्या संस्थेची ‘अर्का निधी’ आणि ‘अर्का केशव’ तशी आहेत, मात्र ती लांब आहेत. वांग्याच्या बाबतीत महाराष्ट्र एकमताचा नाही आणि होणारही नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून गोंदियाच्या बाजारात ते खपेल असे कोणी समजू नये. वांग्यावरूनच देशात एक मोठा वादही झाला होता. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला, मग नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्याला स्थगिती मिळाली. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, खाणाऱ्यांना विचारण्याची पाळी तिथे सगळ्यात शेवटी आली होती.

उलट झाले, म्हणजे लोकांना आवडले आणि तज्ज्ञ नाही म्हणाले, तर तज्ज्ञाला कारण विचारा आणि ते एका वाक्यात लिहून घ्या. ‘उतारा कमी’ हे कारण असेल तर हिशेब करा : बाजारात किलोमागे मिळणारा जास्तीचा भाव कमी उताऱ्याची भरपाई करतो का? करत असेल तर बेलाशक लावा. कारण ‘मर रोगाने झाडे जातात’ असे असेल, तर आता त्यावर तोडगा आहे. रानवांग्याच्या खुंटावर तुमच्या आवडीच्या वांग्याचे कलम बांधता येते. शेजारच्या छत्तीसगढमध्ये अशी कलमी वांगी-टमाटराची रोपे बरीच लागतात. मुळे तज्ज्ञांच्या पसंतीची आणि फळ घरच्यांच्या पसंतीचे. रोप साध्या रोपापेक्षा महाग पडते, म्हणून आधी शंभर-दोनशे रोपांवरच बघा.

टमाटरात भांडण वेगळे असते. ‘अर्का रक्षक’सारखे संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांशी झुंजते, फळ घट्ट असते, लांबच्या वाहतुकीत टिकते. शास्त्रज्ञ खूश, अडत्या खूश. रश्शाला आंबटपणा हवा असलेली घरची बाई मात्र पातळ सालीचे, रसाळ गावरान टमाटर शोधते. इथे एका वाणाला जिंकवण्याचा हट्ट सोडा. बहुतेक ओळी कळमन्यासाठी, दोन ओळी आठवडी बाजारासाठी.

निवडलेले वाण सरळ आहे की संकरित, हे पिशवीवर बघून ठेवा. सरळ वाणाचे बी घरी धरता येते. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त छाप लावून, ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही. संकरिताचे बी धरले तर पुढच्या वर्षी झाडे नाना तऱ्हेची निघतात आणि तुम्ही घेतलेले सगळे कौल वाया जातात.

वेळेचे गणित असे बसवा. हलका धान निघायच्या आधी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोपवाटिका टाका, बांधी मोकळी झाली की लावणी करा. जानेवारी-फेब्रुवारीत तिसरी-चौथी तोडणी येते, तेव्हा चव आणि बाजार दोन्ही उरका. त्याच सुमारास सगळ्यांचीच भाजी बाजारात आलेली असते आणि भाव पडलेले असतात. अशा दिवसांत जो ढीग आधी संपला तो खरा आवडला म्हणायचा. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही रकान्यांचा कागद, न जुळलेल्या जागी लाल खूण करून, कृषी विज्ञान केंद्रात आणि ‘आत्मा’च्या तालुका कार्यालयात द्या. कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती दरवर्षी बसते आणि तिच्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. पुढच्या हंगामात कोणत्या वाणाची शेतावरील चाचणी घ्यायची, ते तिथे ठरते. नुसते ‘आम्हाला अमुक वाण हवे’ असे तोंडी सांगू नका. किती जणांनी चाखले, किती जणांनी दुसऱ्यांदा विकत घेतले आणि गटातल्या किती गुंठ्यांसाठी किती ग्राम बी लागेल, हे तिन्ही आकडे अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहा.